मामांचा डावा, माझा उजवा

मराठीच्या मास्तराला कानावर लिहायला सांगितले तर तो आधी वाक्प्रचारांची यादी काढील. कान टोचणे, कान भरणे, कान फुंकणे, कानाला खडा लावणे, कानांवर हात ठेवणे. गेली वीस वर्षे मी ही यादी फळ्यावर लिहीत आलो आहे आणि 'कानाडोळा करणे' येथे पोचलो की दरवर्षी तोच एक विनोद करीत आलो आहे. पहिल्या बाकावरच्या मुली तेवढ्याकरता हसतात. वाचकहो, यंदाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी या सदरात 'काहीतरी हलकेफुलके' मागितले होते. पण यंदा माझ्याजवळ विषय एकच आहे, आणि तो कानाचा आहे. हलका की जड ते तुम्ही ठरवा.

श्रावणातल्या एका सोमवारची सकाळ. फोन वाजला. मी तो सवयीप्रमाणे उजव्या कानाला लावला आणि "हॅलो, हॅलो" करीत राहिलो. पलीकडून अवाक्षर नाही. मी मोबाइल कंपनीचा यथासांग उद्धार केला, यंत्र दोनदा बंद करून चालू केले, गच्चीवर जाऊन पाहिले. शेवटी सौभाग्यवतीने ते माझ्या हातातून काढून घेतले, स्वतःच्या कानाला लावले आणि आपल्या बहिणीशी चांगली दहा मिनिटे बोलून घेतली. मग फोन माझ्या हाती देत म्हणाली, "अहो, फोन ठणठणीत आहे. तुमचं काय ते बघा!"

माझे काय ते पाहिले. उजव्या कानात कापूस कोंबल्यासारखे वाटत होते आणि फार दूरवर कोणीतरी पंखा चालू ठेवून निघून गेले असावे तशी घरघर होती. रात्री झोपताना दोन्ही कान शाबूत होते. सकाळी एकच उरला होता. दुखणे नाही, ताप नाही, पडणेझडणे नाही. अर्थात मळ! माझे निदान झाले. आईने त्याला दुजोरा दिला आणि लसूण घालून तेल कोमट करून आणले. आमच्याकडे तेलाचा उपाय नाही असा रोगच नाही. ते तेल कानात घालून मी रात्रभर कुशीवर पडून राहिलो. (हा उपाय कोणीही करू नये, असे पुढे डॉक्टरांनी मला ज्या शब्दांत सांगितले ते शब्द दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत.)

मंगळवारी कॉलेजात गेलो आणि एका कानाचा माणूस म्हणजे काय ते कळले. आवाज कमी येतो हे खरे दुःख नव्हे, आवाज कोठून येतो हे कळत नाही, हे दुःख. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही थोड्या वेळाने आधी पोचतो, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. एक कान गेला की मेंदूचा तराजूच मोडला. हजेरी घेताना सारे 'यस सर' मला डाव्या भिंतीतून येत होते. तरुण पिढीला आमचे व्याकरण कळत नसेल, पण मास्तराचे व्यंग तिला पाच मिनिटांत कळते. त्या दिवशी वर्गात बावीस डोकी होती आणि हजेरीपटावर एकतीस. घरी येताना दत्त चौकात उजवीकडून एक मोटारसायकल माझ्या कोपराला घासून गेली. तिने हॉर्न दिला होता म्हणे. मी डावीकडे पाहत होतो.

संध्याकाळी मी हे सारे मोठ्या गमतीने घरी सांगत होतो, तेव्हा सौभाग्यवती हसली नाही. एकदम म्हणाली, "अहो, त्या अलका याज्ञिकांचं असंच झालं होतं ना?"

खरे होते. २०२४ च्या जून महिन्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या गायिकेने जाहीर केले होते की, काही आठवड्यांपूर्वी विमानातून उतरून चालत असताना आपल्याला एकाएकी काहीच ऐकू येईनासे झाले. विषाणूच्या हल्ल्यामुळे ऐकण्याच्या नसेला इजा झाली, असे डॉक्टरांचे निदान आहे. ज्यांचा सारा संसार कानांवर, त्यांनी आपला कान गेल्याचे चारचौघांत सांगावे, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. पण त्यांनी ते सांगितले म्हणून आमच्या स्वयंपाकघरात ते कोणाला तरी आठवले, आणि बुधवारी सकाळी दहाच्या ठोक्याला मी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या बाकावर बसलो होतो. कान जाऊन पुरते तीन दिवस व्हायचे होते.

डॉक्टरांनी कानात डोकावून पाहिले. मळ नव्हता, होते ते तेल. मग त्यांनी एक दुबेळके काढले, गुडघ्यावर आपटले आणि त्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "नाद कोणत्या कानात येतो?"

"डाव्या," मी म्हणालो. चांगल्या कानात येतो म्हणजे बरेच की, अशी माझी समजूत. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. गंमत अशी, वाचकहो, की मळाने किंवा सर्दीने कान बंद झाला असेल तर कपाळावरचा नाद त्या बंद कानातच मोठा येतो. आतली नस किंवा तिच्या टोकाशी असलेला शंख बिघडला असेल, तरच तो चांगल्या कानाकडे पळतो. दुबेळके नसले तर ओठ मिटून 'हंऽऽ' असा हुंकार द्यावा आणि तो कोणत्या कानात घुमतो ते पाहावे. याने डॉक्टरांचे काम भागत नाही, पण डॉक्टरांकडे आज जायचे की पुढच्या आठवड्यात, एवढे तरी कळते.

मग त्या काचेच्या खोलीतली तपासणी झाली आणि माझ्या कानाचा आलेख हाती आला. डावी रेघ सपाट, उजवी घाटातून उतरणाऱ्या एस. टी. सारखी. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन स्वरपट्ट्यांवर, निदान तीस डेसिबल श्रवण गेले तर त्याला अकस्मात आलेले बहिरेपण म्हणतात. माझे पन्नासच्या आसपास गेले होते. कशाने गेले? विषाणू असेल, रक्ताची बारीक गुठळी असेल, आणखी काही असेल. शंभरांपैकी दहा-पंधरा जणांतच कारण हाती लागते, असे ते म्हणाले. शंखात रक्त नेणारी वाट जवळजवळ एकच. ती कोंडली तर दुसऱ्या वाटेने रसद पोचत नाही. त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या, पुढे एम. आर. आय. काढायला सांगितला आणि सहज विचारले, "वय किती?"

"सेहेचाळीस."

"मग बरं आहे," ते म्हणाले आणि लिहू लागले.

त्या 'बरं आहे' पाशी मी अडकलो. मी विचारले, "आणि सत्तर असते तर?"

हे मी का विचारले ते सांगायला मला चार वर्षे मागे जावे लागेल.

२०२१ ची भाऊबीज. माझे मामा दारव्ह्याहून आमच्याकडे यवतमाळला आले होते. भाऊबीजेला ते यायचेच. शकुंतला चालू होती तोवर ते शकुंतलेने येत. चाळीसेक किलोमीटरला ती किती वेळ घेई हे विचारू नये. ती बंद पडल्यावर ते एस. टी. ने येऊ लागले, पण गाडीला नावे ठेवायला आता कोणी उरले नाही म्हणून हळहळत. मामांनी उभे आयुष्य एका जिनिंगात हिशेब लिहिण्यात काढले. कापूस, सरकी आणि यंत्रांची धडधड. त्यांना मोठ्याने बोलायची सवय तिथलीच. आईने ओवाळले, ताटात ओवाळणी पडली, आणि पाटावर बसल्याबसल्या मामा म्हणाले, "बापू, काल सकायपासून डाव्या कानात काईच आयकू नाई येऊन राह्यलं बावा."

आणि मी, मराठी विषयाचा अधिव्याख्याता, भरल्या घरात म्हणालो, "मामा, सत्तरी आली. तुम्ही बारा वर्षांपूर्वी निवृत्त झालात. कानानं आता अर्ज टाकला असेल!"

सगळे हसले. मामाही हसले. शेजारच्या मुलांनी आदल्या रात्री फटाके उडवले होते, त्यांचे नाव निघाले. वय निघाले. मधुमेह निघाला. कानाच्या डॉक्टरांचे नाव कोणी काढले नाही. मामा परत गेले आणि महिनाभराने, चक्कर येऊन अंगणात पडले तेव्हा, कोणीतरी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तोवर फार उशीर झाला होता. तो कान आजतागायत गेलेलाच आहे.

डॉक्टरांना मी हे सारे सांगितले नाही. नुसते 'सत्तर असते तर' एवढेच विचारले. बाहेर रुग्ण फारसे नव्हते. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

आतल्या शंखात, ते म्हणाले, सुमारे पंधरा हजार बारीक केसपेशी असतात. जन्मतः जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच. एक मेली की तिची जागा दुसरी घेत नाही. कोंबडीच्या पिलाच्या कानात मात्र त्या नव्याने उगवतात. हे १९८७-८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले आणि तेव्हापासून माणसाच्या कानात ते कसे घडवावे याची खटपट चालू आहे. म्हणजे या एका बाबतीत आपण कोंबडीच्याही मागे आहोत. तर सत्तरीच्या माणसाजवळ शिल्लक आधीच थोडी. रक्तवाहिन्या कडक झालेल्या. त्यात मधुमेह, रक्तदाब. सेहेचाळिशीतला शंख धक्का खाऊन पुन्हा उभा राहतो, तिथे सत्तरीतला आडवाच राहण्याची भीती अधिक. १९८४ साली अमेरिकेतल्या एका तज्ज्ञाने आठ वर्षांत पाहिलेल्या २२५ रुग्णांचा हिशेब छापला. त्यात साठीपुढच्यांचे कान कमी परतले. आणि नवल असे की, पंधरा वर्षांखालच्या मुलांचेही. ज्यांना सोबत चक्कर आली त्यांचे कमी. ज्यांचे श्रवण फार खोल गेले त्यांचे कमी. जे उशिरा आले त्यांचे कमी.

"मुलांचे का?" मी विचारले.

"मुलांना कारणे निराळी असतात. गालगुंडाने एक कान कायमचा जातो. आणि लहान मूल सांगत नाही. त्याला वाटते, सगळ्यांचे असेच असते. आईबापांना कळते तेव्हा सहा महिने होऊन गेलेले असतात."

मी म्हणालो, "म्हणजे मूल सांगत नाही म्हणून उशीर होतो. म्हातारा सांगतो, पण—"

"पण कोणी ऐकत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे चाळिशीतला माणूस दुसऱ्या दिवशी येतो, कारण त्याची नोकरी असते. सत्तरीतला तिसऱ्या आठवड्यात येतो, कारण त्याच्या घरच्यांना सवड तेव्हा मिळते."

हे वाक्य त्यांनी माझ्यासाठी म्हटले नव्हते. पण ते नेमके माझ्या चांगल्या कानात शिरले.

घरी आल्यावर मी मास्तरी सवयीने या गोष्टीची चिरफाड करीत बसलो. मामांचा कान वयाने गेला की माझ्या विनोदाने? उशिरा येणाऱ्यांचे कान कमी परतात हे आकडे सांगतात. पण आकड्यांतही एक मेख आहे, ती मला दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनीच दाखवली. या दुखण्यात औषध न घेताही कितीतरी जणांचे कान आपोआप थोडेबहुत परततात. एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशांपर्यंत निरनिराळे अंदाज आहेत. ज्यांचा कान आठवडाभरात आपला आपणच उघडला, ते दवाखान्यात येतातच कशाला? महिन्याने येतात ते, ज्यांचा उघडणारच नव्हता. मग त्यांचा कान उशिरामुळे गेला म्हणायचे, की जाणाराच होता म्हणून ते उशिरापर्यंत उरले?

औषधाचेही तसेच. १९८० साली एका चाचणीत स्टिरॉइड घेणाऱ्यांचे कान खोटी गोळी घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुपटीने परतल्याचे दिसले, आणि तेव्हापासून जगभर ते दिले जाते. पुढच्या चाचण्यांनी तितका स्पष्ट कौल दिला नाही. २०२३ च्या अखेरीस जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला, त्यात मात्रा खूप वाढवून जास्त फायदा झाला नाही. तरीही डॉक्टर गोळ्या देतात, आणि पहिल्या दोन आठवड्यांत द्याव्यात असे सांगतात. कारण दुसरे काही हाताशी नाही आणि पंधरा दिवसांत निसटलेले पुन्हा हाती येणे दुर्घट. मामांना मधुमेह. या गोळ्यांनी साखर भडकते, म्हणून त्यांना त्या दिल्याही नसत्या कदाचित. पण तेच औषध कानाच्या पडद्यातून सुईने आत सोडता येते, साखरेला फारसा धक्का न लावता. म्हणजे दार एकदम बंद नव्हते.

आणखी एक. मामांचा कान आधीच किती झिजला होता, हे कोणालाच ठाऊक नाही. जिनिंगातल्या चाळीस वर्षांच्या धडधडीने त्यांच्या पंधरा हजारांतल्या किती खाल्ल्या होत्या? आपण डोळे तपासतो, साखर तपासतो, पण दुखणे नसताना कानाचा आलेख कोण काढून ठेवतो? गेलेले मोजायचे तर आधीचे माहीत हवे. तुलनेला जुना कागद नव्हता, म्हणून महिन्यानंतरच्या डॉक्टरांनीही कागदावर एवढेच लिहिले: वयोमानाने. माझेच निदान, फक्त इंग्रजीत.

माझा कान दहाव्या दिवशी किलकिला झाला. सकाळी आंघोळ करताना बादलीत पडणाऱ्या पाण्याला एकाएकी धार आली. तीन आठवड्यांत बराचसा परतला. वरच्या पट्टीतले काही स्वर मात्र गेले ते गेलेच, आणि त्यात नेमके 'स' आणि 'श' सापडले. मराठीच्या मास्तराला याहून मार्मिक शिक्षा ती कोणती! मागच्या बाकावरून कोणी 'शाप' म्हणाले की 'साप', हे मला आता संदर्भावरून ठरवावे लागते. ज्या मुलांचे उच्चार मी वीस वर्षे दुरुस्त केले, त्यांचे आता कोणते चुकले हे मला ऐकू येत नाही. त्यांचा निकाल सुधारेल.

भाद्रपदातल्या एका रविवारी मी दारव्ह्याला गेलो. निमित्त काही नव्हते. मामा ओसरीवर सरकीचा भाव वाचत बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूने जाऊन "मामा" म्हणालो. त्यांनी मान वर केली नाही. मी उजवीकडे जाऊन पुन्हा म्हणालो, तेव्हा ते हसले. चहा झाला. मग मी त्यांना सारे सांगितले. फोन, तेल, दुबेळके, गोळ्या. शेवटी भाऊबीजेचेही सांगितले. मी काय बोललो होतो ते त्यांना आठवते का, असे विचारले.

"आठोते ना," मामा म्हणाले. "कानानं अर्ज टाकला म्हन्ला होता तू."

मी म्हणालो, "मामा, तेव्हा मी तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला पाहिजे होतं."

त्यांनी चश्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. "तुह्या बोलन्यानं कान जात असते तं," ते म्हणाले, "तुह्या मामीच्या बोलन्यानं दोनी गेले असते चाळीस वर्साआंधी." आतून मामींनी काहीतरी उत्तर दिले. ते मला नीट ऐकू आले नाही आणि मामांना मुळीच नाही.

मग जरा वेळाने, सरकीच्या भावाकडेच पाहत, त्यांनी विचारले, "तुले कितव्या दिवशी नेलं?"

"तिसऱ्या."

"हं," मामा म्हणाले.

त्या 'हं' वर मी पुढे काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. निघताना मी म्हणालो, येत्या आठवड्यात यवतमाळला या, आपण तुमच्या उजव्या कानाचा आलेख काढून ठेवू. उद्या त्याला काही झाले तर तुलनेला कागद असेल. मामा म्हणाले, एक कान हाय तं हाय, त्याले काऊन डिवचता? पण गुरुवारी ते एस. टी. तून उतरले. हातात पिशवी, पिशवीत आईसाठी सीताफळे, आणि खिशात जुन्या दवाखान्यातला तो 'वयोमानाने' लिहिलेला कागद चार घड्या घालून. चार वर्षे त्यांनी तो जपून ठेवला होता. हिशेबनीस माणूस, कागद टाकीत नाही. उजव्या कानाचा आलेख त्यांच्या वयाच्या मानाने चांगला निघाला. डॉक्टरांनी एक यंत्र सुचवले, बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोचवणारे. किंमत ऐकल्यावर मामा म्हणाले की त्या बाजूने फारसे कोणी चांगले बोलत नाही.

आता भाऊबीज आली आहे. कोण कोठे बसणार हे मामांनी परवाच फोनवर ठरवून टाकले. त्यांचा डावा गेलेला, माझा उजवा अर्धा. तेव्हा मी त्यांच्या उजव्या हाताला बसायचे, म्हणजे दोघांचे चांगले कान समोरासमोर येतात. त्यांच्या डाव्या बाजूला मामी, माझ्या उजव्या बाजूला सौभाग्यवती. हे मी घरात सांगितले तेव्हा सौभाग्यवतीने एवढेच विचारले, ही व्यवस्था नक्की डॉक्टरांनी सांगितली आहे का?